कागदावरचं इंग्रजी आणि आपली सही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'काका, तुमचे बँकेतले अनुभव लिहा' असा आग्रह धरला. अनुभव लिहायला बसलं की माणूस स्वतःचीच आरती ओवाळू लागतो, म्हणून मी विषय जरा वळवून घेतला आहे. बँकेत मी जन्मभर इंग्रजी कागदांवर लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. त्या कागदांवरचे काही शब्दप्रयोग आपल्याकडे भलत्याच अर्थाने घेतले जातात. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगावा, असं मनात आहे.

सुरुवात या अंकाच्या मुखपृष्ठावरच्या शब्दापासून करू. 'सिल्व्हर ज्युबिली'. आपण ज्युबिली म्हणजे महोत्सव समजतो, आणि आज तो अर्थ चूकही नाही. पण मूळ शब्द हिब्रू. 'योबेल' म्हणजे मेंढ्याचं शिंग. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात दर पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकून जाहीर करायचं सांगितलं आहे की गुलाम मोकळे झाले आणि विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत गेली. (बँकवाल्याने हे वाचलं की त्याच्या पोटात गोळाच येतो!) म्हणजे खरी ज्युबिली पन्नास वर्षांचीच. राणी व्हिक्टोरियाची सुवर्ण ज्युबिली १८८७ साली आणि हीरक १८९७ साली झाली, आणि पुढे पंचविसालाही ज्युबिली म्हणायची रीत पडली. आपल्या मुलुखातल्या जुन्या लोकांना हा शब्द १९३७ साली कळला. त्या साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राज्यारोहणाची रौप्य ज्युबिली हैदराबादेत साजरी झाली होती.

निजामाचं नाव निघालं ते बरंच झालं, कारण हिंगोलीचा कागदाशी असलेला संबंध तिथूनच समजून घ्यावा लागतो. हा भाग हैदराबाद संस्थानात होता. दरबारची भाषा आधी फारसी, मग १८८०च्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ही फौज निजामाच्या नावाची, पण तिचे अधिकारी इंग्रज. तिच्या खर्चासाठी १८५३च्या तहात निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं. त्यामुळे गंमत अशी झाली की पैनगंगेच्या पलीकडे वाशीमच्या बाजूला कचेरीत इंग्रजी आणि मराठी, आणि अलीकडे आपल्याकडे उर्दू. सोयरीक दोन्ही काठांची, पण सासरचा कागद माहेरच्यांना वाचता येत नसे. छावणी १९०३ साली उठली. छावणीतलं इंग्रजी परेडपुरतं होतं, ते गावात काही मुरलं नाही.

गावात मुरली ती उर्दू. माझ्या वडिलांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं. ते मराठी लिहीत तेव्हा अक्षर चाचपडत लिहीत, आणि उर्दू लिहिताना कलम पळे. बयनामा, रहननामा, मुखत्यारनामा, ना-हरकत, तगादा, जप्ती, जामीन हे सगळे शब्द त्या कचेरीतून आलेले. अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही रहननामा म्हणजे जमीन गहाण आणि बयनामा म्हणजे जमीन गेली, एवढं पक्कं ठाऊक असे. कागद वाचता येत नव्हता, पण कागदाचं नाव ऐकून अंगावर काटा यायचा तो बरोबर जागी यायचा. पैशाचंही तसंच. 'हाली' म्हणजे निजामाचा रुपया आणि 'कलदार' म्हणजे इंग्रजांचा. सात हाली बरोबर सहा कलदार, हा साधारण हिशेब बाजारातली म्हातारी बाईसुद्धा तोंडी करायची.

उर्दूची सक्ती मराठी माणसाला जाचत होती, शाळेत मराठी मागायला भांडावं लागत होतं, हे सगळं खरं. पण एक गोष्ट त्या राजवटीची मान्य करावी लागते. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू करायचं ठरलं, तेव्हा त्याआधीच भाषांतराचं एक स्वतंत्र खातं उभं केलं, दारुल तर्जुमा नावाचं. विज्ञान, कायदा, वैद्यक यांतल्या इंग्रजी संज्ञांना प्रतिशब्द ठरवूनच मग पुस्तकं काढली. शब्द आधी, सही नंतर! आपल्या महाराष्ट्रानेही १९६० साली भाषा संचालनालय काढलं, राजभाषा अधिनियम १९६४ साली केला आणि कोश भरपूर काढले. पण कोश मुंबईत राहिला आणि फॉर्म हिंगोलीत आला, असं माझं मत आहे.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्र झाला. मी पन्नाशीच्या सुरुवातीला जन्मलो. म्हणजे आजोबांचा कागद मोडीत, वडिलांचा उर्दूत, माझा मराठीत, आणि नोकरी लागली ती इंग्रजीत. एकाच घराच्या ट्रंकेत चार लिप्यांचे कागद आणि सगळे वाचणारा एकही माणूस नाही, अशी अवस्था आमच्या पिढीत कितीतरी घरांत होती.

आमचं शाळेतलं इंग्रजी म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. गुरुजी वाक्य फळ्यावर लिहायचे आणि आम्ही शब्दाला शब्द लावायचो. तिथेच पहिला दणका बसला. 'आउट ऑफ क्वेश्चन' म्हणजे निःसंशय, आणि 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे शक्यच नाही. मध्ये एक 'द' आला की होकाराचा नकार! 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, 'अ फ्यू' म्हणजे आहेत थोडे. मराठीला 'द'ही नाही आणि 'अ'ही नाही, त्यामुळे आमच्या कानाला ते खडे लागतच नसत. आजची मुलं 'मी दोन हजार बावीसला पास आउट झालो' असं सांगतात. परेड करून बाहेर पडणाऱ्या सैनिकी विद्यार्थ्यांपुरतं ते ठीक आहे, एरवी साहेबाच्या भाषेत 'पास आउट होणं' म्हणजे शुद्ध हरपून पडणं.

यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचाही घोळ होतो. 'एखादा प्रस्ताव टेबल करणं' म्हणजे लंडनमध्ये चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बासनात गुंडाळून ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन अधिकारी एका बैठकीत याच शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले, आणि शेवटी कळलं की दोघांना हवं होतं एकच. चर्चिलने आपल्या युद्धाच्या इतिहासात हे लिहून ठेवलं आहे. आपण 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' म्हणतो ते लंडनच्या अर्थाने.

घोळ उलट दिशेनेही झालेला आहे. आपल्याकडे 'ठग' म्हणजे गोड बोलून फसवणारा. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली, ती विलायतेत गाजली, आणि तो शब्द तिकडे रुळला. आज इंग्रजीत 'ठग' म्हणजे नुसता दांडगा गुंड, गोड बोलणं गायब! आणि मोहरममधला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा कोश काढला, त्याचं नावच ते ठेवलं. तेव्हा कान दोघांचेही कच्चे. फरक एवढाच की त्यांनी चुकीचं ऐकलं तर कोश झाला, आणि आपण चुकीचं ऐकलं तर नोटीस आली.

आता बँकेकडे येतो. १९६९च्या जुलैमध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तालुक्या-तालुक्याला शाखा निघाल्या. मी त्याच लाटेत लागलो. ज्याच्या घरात तोवर सावकाराची वही होती त्याच्या हातात एकाएकी चेकबुक आलं.

चेकवर दोन आडव्या रेघा आणि मध्ये 'नॉट निगोशिएबल' असा शिक्का असे. जागेच्या जाहिरातीत 'किंमत निगोशिएबल' असते, म्हणजे घासाघीस चालेल. म्हणून पुष्कळांना वाटे की 'नॉट निगोशिएबल' म्हणजे रकमेत कमी-जास्त होणार नाही. काहींना वाटे की हा चेक दुसऱ्याला देताच येत नाही. दोन्ही अर्थ चूक. १८८१च्या कायद्याप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच की हा चेक ज्याच्याकडून घेतला त्याच्यापेक्षा चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. देणारा चोर असेल तर घेणारा कितीही सज्जन असो, त्याचा हक्क चोराइतकाच. पैसे नक्की त्याच माणसाच्या खात्यात जावेत असं वाटत असेल तर 'अकाउंट पेयी' लिहावं लागतं. ही निराळी गोष्ट आहे.

मला मौज वाटते ती अशी, की आपल्या व्यापाऱ्यांना हे सगळं चेकच्या आधीपासून ठाऊक होतं. दाखवल्याबरोबर पैसे ती दर्शनी हुंडी, ठरल्या मुदतीने पैसे ती मुदती. बाजारात पत असलेल्या शाहालाच पैसे द्यावेत ती शाहजोग हुंडी, म्हणजे आपल्या रेघा मारलेल्या चेकची थोरली बहीणच. हुंडी हरवली तर दुसरी प्रत 'पैठ', तीही हरवली तर 'परपैठ', आणि पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे 'खोखा'. इंग्रजांनी १८८१चा कायदा केला तेव्हा देशी भाषेतल्या अशा कागदांच्या स्थानिक रिवाजाला हात लावला नाही, तसं पहिल्याच कलमात लिहिलं. 'ॲट साइट'ला 'दर्शनी' हा प्रतिशब्द आपल्या अंगणात उभा होता, तरी आम्ही फॉर्मवर 'ॲट साइट'च छापत राहिलो.

चेक परत आला की सोबत चिठ्ठी यायची, 'रिफर टू ड्रॉवर'. ड्रॉवर म्हणजे चेक लिहिणारा. त्याच्या खात्यात शिल्लक नाही हे तोंडावर सांगायचं नाही, म्हणून 'त्यालाच विचारा' असं बँकेने सभ्यपणे म्हणायचं, अशी ती इंग्रजी चाल. एक कापड दुकानदार ती चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "साहेब, माझं काम तुमच्या ड्रॉवरमध्ये अडकलंय म्हणं. जरा काढून द्या की." मी त्यांना ड्रॉवर उघडून दाखवला आणि मग अर्थ सांगितला. ते हसले नाहीत. ज्याने चेक दिला तो त्यांचा व्याही होता. १९८९च्या एप्रिलपासून चेक न वटणं हा गुन्हा झाला. तेव्हापासून या सभ्य चिठ्ठीवर कोणी हसत नाही.

पण ज्या शब्दप्रयोगाने आपल्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त घरं हलवली असं मी म्हणेन, तो म्हणजे 'जॉइंटली अँड सेव्हरली'. कर्जाच्या कागदावर कर्जदार आणि जामीनदार यांच्या सह्यांच्या वर हा असतो. शिकलेली माणसंही 'सेव्हरल' म्हणजे 'अनेक' असं समजून 'सगळ्यांनी मिळून' असा अर्थ लावतात. कायद्याच्या जुन्या इंग्रजीत 'सेव्हरल' म्हणजे सुटा, वेगळा. तेव्हा अर्थ असा होतो की सगळ्यांनी मिळून तर द्यायचंच, पण एकट्या-दुकट्याकडूनही पूर्ण रक्कम मागता येईल. तीन जण असतील तर एक-तृतीयांश नव्हे, पूर्ण. १८७२च्या करार कायद्यात कलम १२८ आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. आधी कर्जदाराला पिळा, नाहीच निघालं तर मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही.

सेनगावकडच्या एका खेड्यातले साठीचे गृहस्थ एकदा नोटीस घेऊन आले होते. धोतर, पागोटं, हातात काठी. भाच्याच्या विहिरीवरच्या इंजिनाच्या कर्जाला ते जामीन होते आणि भाचा दोन वर्षं पुण्याकडे गायब.

"सायेब, म्या तर नुसती साक्ष केली. इंजिन त्येचं, हीर त्येची. मंग नोटीस मला कामून धाडली?"

मी कागद काढून त्यांचा अंगठा दाखवला. अंगठ्याखाली छापलेलं होतं की यातला मजकूर मला 'व्हर्नाक्युलर'मध्ये समजावून सांगण्यात आला असून तो मला समजला आहे. कर्ज दिलं तेव्हा मी त्या शाखेत नव्हतो. कोणी काय समजावलं होतं देव जाणे. म्हातारे म्हणाले, "आमच्यात साक्षीला दोघं लागतात. म्या दुसरा." रहननामा म्हटलं असतं तर तो माणूस दारातून परत फिरला असता. 'जामीन' म्हटलं असतं तरी निदान थबकला असता, जरी आता जामीन म्हटलं की लोकांना तुरुंगातून सुटणं आठवतं. पण त्याच्या कानावर पडलं होतं 'ग्यारंटर', आणि त्या शब्दाला त्याच्या आयुष्यात काही वजनच नव्हतं. त्याने त्या वर्षीची हळद आणि एक बैलजोडी विकून पैसे भरले. भरल्यावर मी त्याला सांगितलं की ज्याने जामीन म्हणून पैसे भरले त्याला बँकेचे सगळे हक्क मिळतात, तुम्ही भाच्यावर दावा लावू शकता. तो म्हणाला, "बहिनीच्या पोरावर?" आणि काठी उचलून गेला.

'व्हर्नाक्युलर' या शब्दाचंही जाता जाता सांगतो. मूळ लॅटिन 'व्हेर्ना', म्हणजे धन्याच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून घरगुती ते व्हर्नाक्युलर. आपल्या मातृभाषेला आपण कागदोपत्री हा शब्द शंभर-दीडशे वर्षं लावत आलो.

आता आपल्या सोसायटीपुरतं बोलतो, कारण वार्षिक सभेत दरवर्षी दोन शब्दांवर खडाजंगी होते.

पहिला 'सिंकिंग फंड'. गेल्या सभेत एक जण तावातावाने म्हणाले की बुडणाऱ्या फंडात आम्ही पैसे का घालायचे? इथे 'सिंक' म्हणजे बुडणं नव्हे, कर्ज हळूहळू मुरवून संपवणं. इंग्लंडमध्ये वॉलपोलच्या काळात, १७१७च्या सुमारास, सरकारी कर्ज फेडायला बाजूला काढून ठेवलेल्या पैशाला हे नाव पडलं. पुढे अर्थ पसरून मोठ्या खर्चासाठी साठवलेली गंगाजळी असा झाला. आदर्श उपविधीप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के रक्कम यात जमा करायची असते. उद्या इमारतीला मोठी दुरुस्ती निघाली तर बुडण्यापासून वाचवणारा तोच फंड. नाव वाईट, गुण चांगला.

दुसरा शब्द जास्त गंभीर. 'नॉमिनी'. आपल्याकडे शंभरातली नव्वद माणसं, मी अंदाजाने सांगतो, नॉमिनी म्हणजे वारस समजतात. मोठ्या मुलाचं नाव टाकलं म्हणजे फ्लॅट मोठ्या मुलाचा झाला, असं बापही धरून चालतो आणि मुलगाही. धाकटा आणि मुली गप्प बसतात, आणि गप्प बसणं संपतं ते कोर्टात. नॉमिनी म्हणजे फक्त नाव सुचवलेला माणूस. सभासद वारला तर संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा हे कळावं म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली विम्याच्या बाबतीत सांगितलं की नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने. २०१६ साली गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत सांगितलं की संस्थेने नॉमिनीच्या नावावर हस्तांतर करावं, पण मालकीचा हक्क कोणाचा ते वारसा कायद्याने ठरेल. २०२३च्या डिसेंबरात शेअर्सबद्दलही तेच. विम्यात मात्र २०१५च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं यांच्यासाठी निराळी तरतूद झाली आहे, तेव्हा सगळीकडे एकच माप लावू नये. आपल्या सहकार कायद्यातही २०१९च्या दुरुस्तीने असा नॉमिनी वारस ठरेपर्यंत 'तात्पुरता सभासद' होतो.

बँकेतल्या 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'चंही असंच आहे. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो, पैसे काढू शकतो. म्हणजे त्याला पैसे देऊन बँक मोकळी होते. मागे राहिला म्हणून सगळे पैसे त्याचेच झाले, असं त्या तीन शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही. काउंटरवर मी हे इतक्या वेळा सांगितलं आहे की घरचे म्हणतात, झोपेतही सांगता.

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत कितीतरी मूळ सभासद गेले. आपला जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला, त्याच सुमारास उमेदीत घर घेतलेली ही माणसं. काही फ्लॅटचे नॉमिनेशनचे अर्ज कोरेच निघाले, हे सेक्रेटरींनी मला दाखवलं. अर्ज तीन प्रतींत भरायचा असतो आणि ऑफिसात मराठीतही मिळतो. पण घर नक्की कोणाला जावं हे ठरवायचं असेल तर तो अर्ज पुरत नाही, त्यासाठी मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तिथे साक्षीदार म्हणजे खरोखर साक्षीदार असतो, कोणाचं कर्ज त्याच्या अंगावर येत नाही. माझी सही हवी असेल तर संध्याकाळी सहानंतर घरीच असतो.